धाकटीचं चॉकलेट चमकलं, माझं नाही

तुझं पत्र मी दोनदा वाचलं गं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही ताई चाळिशीची, बहीण तिच्याहून सहा वर्षांनी लहान. मधली बरीच वर्षं दोघींचं बोलणं वाढदिवसाच्या फोनपुरतंच उरलं होतं, म्हणून हिनेच पुढाकार घेऊन दोघींसाठी चॉकलेट मेकिंगचा क्लास लावला, चार रविवारांचा. पहिला रविवार मस्त गेला. दुसऱ्या रविवारी टेम्परिंग होतं, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना वितळवून-थंड करून चकचकीत गोठवणं, मोल्ड उलटा केल्याबरोबर धाकटीची चॉकलेटं टकाटक पडली, चकचकीत, आणि हिची निघेचनात, निघाली ती पांढरट डागांची. मॅडमनी धाकटीचा मोल्ड सगळ्यांना दाखवला आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "हातात थर्मामीटर असल्यावर काय, कोणालाही जमेल." धाकटी गप्प झाली. तरी घरी निघताना तिने स्वतःची अर्धी चॉकलेटं डब्यात भरून ताईला दिली, आणि तो डबा ताईच्या फ्रिजमध्ये न उघडता पडलाय. आता तिसरा रविवार येतोय आणि ताईचा डोकं दुखतंय सांगून दांडी मारायचा विचार आहे. शेवटी विचारलंय, मावशी, मी वाईट बहीण आहे का?

नाही. पण ते वाक्य वाईट होतं, आणि ते तुला त्याच क्षणी कळलं होतं, नाहीतर तू हे पत्र लिहिलंच नसतंस.

आधी चॉकलेटचं बोलू, कारण मला वाटतं तुझं काय चुकलं ते तुला अजून कोणी नीट सांगितलेलं नाहीये आणि तू मनात "माझा हातच गेला" असं धरून बसलीयेस. हात कुठेही गेलेला नाही. पहिल्या रविवारी तुझं गनाश सुंदर झालं ना? ते होणारच होतं, गरम क्रीम, त्यात चॉकलेट, ढवळत राहायचं, घट्ट वाटलं तर थोडं क्रीम अजून, हे सगळं डोळ्याने आणि चमच्याने कळतं, म्हणजे तुझंच काम. टेम्परिंग तसं नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं आणि त्यातला एकच प्रकार आपल्याला हवा असतो, ज्याने चकाकी येते, तोडताना कट्ट आवाज येतो आणि चॉकलेट किंचित आकसून मोल्ड आपणहून सोडतं. त्यासाठी डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० डिग्रीपर्यंत वितळवायचं, मग २७-२८ पर्यंत खाली आणायचं, मग परत ३१-३२ वर न्यायचं. मिल्क चॉकलेटला तर शेवटी २९-३० च, तिथे दोन डिग्री जास्त झाले की केलेलं सगळं गेलं. आता हे ३१ आणि ३४ मधलं अंतर पहिल्याच दिवशी बोटाला कसं कळणार सांग? वर्षानुवर्षं हेच काम करणारे लोक ओठाला लावून ओळखतात, पण ते वर्षानुवर्षं केल्यावर. तू लिहिलंयस की थर्मामीटर टेबलवर होता, तुला गरज वाटली नाही, आणि सेट व्हायला वेळ लागतोय म्हणून मोल्ड फ्रिजमध्ये जास्त वेळ ठेवलास. मग बाहेरच्या हवेतला ओलावा थंड चॉकलेटवर बसला असेल, त्यात साखर विरघळून वर आली असेल, किंवा टेम्पर नीट न झाल्यामुळे कोको बटरच वर आलं असेल, डाग दोन्हींनी पडतात. ते खायला अगदी चांगलं असतं बरं, फेकलं नसशील तर ठेव, त्याचं पुढे सांगते.

धाकटीने काय केलं? दर दोन मिनिटांनी आकडा बघितला आणि वहीत लिहिला. तू हे पत्रात जरा चिडूनच लिहिलंयस, "परीक्षेला बसल्यासारखी". मला ते वाचून वेगळंच वाटलं. जिला आयुष्यभर "तुला चहासुद्धा धड जमत नाही" असं ऐकवलं गेलं, ती वहीच काढणार गं. तिच्याकडे तुझ्यासारखा अंदाज नाहीये, तो तिला कधी करूच दिला नाही कोणी.

आणि आता पत्रातली ती दुसरी गोष्ट, जी तू मधेच, जाता जाता लिहून टाकलीयेस. आई आजारी पडल्यापासून म्हणजे तुझ्या चौदाव्या वर्षापासून घरचं स्वयंपाकघर तूच बघितलंस. धाकटी मधे आली की "तू जा, सांडशील." मला सांग, तुझं कौतुक तेव्हा कोणी केलं? अभ्यासात ती पुढे, बक्षिसं तिला, बोलण्यात ती चटपटीत, तुझ्या वाट्याला एकच जागा होती जिथे सगळे म्हणायचे हिच्या हाताला चव आहे. ती जागा तू फार कष्टाने, फार लहान वयात कमावलीस. आणि दुसऱ्या रविवारी तिथेही तीच पुढे गेली असं तुला वाटलं. तुझी मैत्रीण म्हणते बहिणी-बहिणींत जेलसी असतेच, सोड. मला नाही पटत. ही जेलसीच आहे पण त्याच्या खाली चौदा वर्षांची एक दमलेली मुलगी आहे जिला कोणी थँक्यू म्हटलं नाही, आणि ते असं सोड म्हटल्याने सुटत नाही. मला तिच्याबद्दल फार माया वाटली, खरंच सांगते.

पण हे सगळं धाकटीमुळे झालेलं नाही. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

तू लिहिलंयस की आता घरी गुपचूप बाजारातल्या स्वस्त कंपाउंड चॉकलेटवर प्रॅक्टिस करून एकदम परफेक्ट चॉकलेटं घेऊन जाईन. नको करूस. एक तर कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं, ते नुसतं वितळवून ओतलं तरी चमकतं, त्याला टेम्परिंग लागतच नाही, म्हणजे तू काहीच शिकणार नाहीस. आणि दुसरं, तू तिला हरवायला जाशील. तू क्लास कशासाठी लावला होतास ते आठव.

डोकं दुखतंय हेही सांगू नकोस. तिला ते खोटं आहे हे कळेल, आणि ती असं समजेल की मी चांगलं केलं की ताई निघून जाते. पुढच्या वेळी ती मुद्दाम खराब करेल, किंवा येणारच नाही.

रविवारच्या आधी फोन कर. मेसेज नको, मेसेजमध्ये "सॉरी यार त्या दिवशी" असं लिहून आपण मोकळे होतो आणि समोरची "अगं काही नाही" लिहून मोकळी होते. फोनवर सरळ म्हण, मी सगळ्यांसमोर जे बोलले ते चुकीचं होतं, कोणालाही जमत नाही, मला नाही जमलं, मला वाईट वाटलं म्हणून मी तुला तसं बोलले. इथे थांब. लगेच लहानपण, आई, मी किती केलं, हे काढू नकोस. ते बोलायचंय, नक्की बोलायचंय, पण माफीला चिकटवलंस तर ती माफी राहणार नाही, हिशोब होईल. ते एखाद्या वेगळ्या दिवशी, निवांत, आणि तेव्हा तिलाही विचार की स्वयंपाकघराच्या दाराबाहेर तिला कसं वाटायचं. कदाचित ती रागावेल. ऐकून घे.

आणि क्लासला जाताना ती डागाळलेली चॉकलेटं सोबत ने. मॅडमना विचारून तीच परत वितळवा, पाण्याचा थेंब पडू देऊ नका फक्त, भांडं आणि चमचा कोरडा पुसून घ्या, नाहीतर सगळं आळून गोळा होतं. वितळलेल्यात चांगल्या चॉकलेटचे तुकडे थोडे थोडे टाकून खाली आणायचं, म्हणजे त्यातले बरोबर गोठलेले क्रिस्टल बाकीच्यांना वळण लावतात. दोघींत एकच भांडं घ्या. ढवळायचं तू, आकडा तिने सांगायचा, आणि ती थांब म्हणाली की तू थांबायचं. तुला हे जड जाणार आहे, मला माहितेय, सव्वीस वर्षं तुला कोणी स्वयंपाकात थांब म्हटलेलं नाहीये. उगीच तिची जास्तीची स्तुतीही करू नकोस, तिला ते खोटं वाटेल. नुसतं विचार, आता किती झालं गं?

राहिला तो डबा. तो आजच फ्रिजमधून काढ, पण लगेच उघडू नकोस, बाहेर तासभर तसाच बंद राहू दे, नाहीतर दमट हवेने तिच्या चॉकलेटांवरही डाग पडतील. मग एक खा. आणि फोन लावलास की आधी ते कसं लागलं ते सांग तिला, इतके दिवस ती वाट बघत असेल.