काळ्या स्प्रूसमध्ये एलएआय-२२००सी कमी आकडा का दाखवतं?

प्रश्न थोडक्यात असा: कॅनडातल्या काळ्या स्प्रूसच्या (सुयांसारख्या पानांचं झाड) जंगलात एलएआय-२२००सी हे हातातलं यंत्र पर्णक्षेत्र निर्देशांक, म्हणजे दर चौरस मीटर जमिनीमागे पानांचं क्षेत्र, २.४ दाखवतं, झाडं तोडून सुया मोजल्या तर ४ च्या आसपास येतो. यंत्र बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. ते सुया मोजतच नाही. थेट माथ्यापासून ७, २३, ३८, ५३ आणि ६८ अंशांवरच्या पाच कड्यांतून ४९० नॅनोमीटरखालचा निळा उजेड किती झिरपतो एवढंच ते बघतं, आणि पानं कशीही विखुरलेली आहेत असं धरून हिशेब करतं. स्प्रूसच्या सुया डहाळीला दाटीने चिकटलेल्या, एकीच्या आड दुसरी. त्यामुळे यंत्राच्या लेखी अख्खी डहाळी हेच एक पान. उलट खोड, फांद्या, शंकूसुद्धा ते पानांतच धरतं.

संशोधक जिंग चेन यांची दुरुस्ती इथे लागते: यंत्राचा आकडा × (१ − लाकडाचा वाटा) × सुई-डहाळी गुणोत्तर (डहाळीवरच्या सुयांचं क्षेत्र तिच्या सावलीच्या किती पट) ÷ गुच्छ निर्देशांक (डहाळ्या जितक्या गुच्छांत, तितका १ हून कमी). लाकूड ०.१५, गुणोत्तर १.३५ आणि गुच्छ ०.७० धरले (या जातीला शोभणारे, पण उदाहरणादाखलच), तर २.४ चे ३.९ होतात. गुणोत्तर पुस्तकातून उचलू नका. झाडाच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातून डहाळ्या घ्या, प्रत्येकीची सावली ०, ४५ आणि ९० अंशांतून मोजा, मग सुया काढून त्यांचं क्षेत्र मोजा.

गुच्छ निर्देशांक ट्रॅकने मिळतो; हे झाडांखालून चालत नेऊन उन्हाच्या फटी मोजणारं वेगळं यंत्र. एलएआय-२२००सी ला एकसारखं ढगाळ आभाळ किंवा पहाट-संध्याकाळ सगळ्यात बरी, ट्रॅकला मात्र लख्ख ऊन हवं. म्हणून सहसा एकाच फेरीत दोन्ही उरकत नाहीत. उन्हात एलएआय-२२००सी त्याची विखुरलेल्या उजेडाची दुरुस्ती न लावता वापरलंत तर उजळलेल्या सुयांवरून परतलेला उजेड मोकळं आभाळ समजला जातो आणि आकडा आणखी घसरतो.

इथे एक चूक हमखास होते. यंत्र प्रत्येक जागेच्या वाचनाचा लॉगरिदम घेऊन मग सरासरी काढतं, म्हणजे झाडांमधल्या मोठ्या फटींची दुरुस्ती काही अंशी आधीच झालेली असते. त्यावर आणखी ट्रॅकचा निर्देशांक पूर्ण लावला की तीच दुरुस्ती दोनदा होते. आधी उजेडाची सरासरी घ्या, लॉगरिदम नंतर.

झाडांखालचा उजेड ज्याच्याशी ताडून बघतात ते मोकळ्या आभाळाचं वाचन कुठे घेतलं तेही तपासा. पाचवी कडी ७४ अंशांपर्यंत बघते, म्हणजे कडेच्या झाडांपासून त्यांच्या उंचीच्या साडेतीन पट लांब उभं राहायला हवं: १५ मीटरच्या झाडांना सुमारे ५२ मीटर. एवढी मोकळी जागा नसेल तर भिंगाला फक्त ९० अंशांचा भाग उघडा ठेवणारं झाकण लावून मोकळ्या दिशेला तोंड करा. झाडांखालचं वाचनही त्याच झाकणाने, त्याच दिशेला. तेही जमत नसेल तर पाचवी कडी हिशेबातून वगळा.

आणि तो ४ चा आकडा कोणत्या व्याख्येचा? सुया स्कॅनरवर पसरून सावलीचं क्षेत्र घेतलं असेल तर ते एकूण पृष्ठभागाच्या निम्म्याइतकं नसतं. गोल सुईला १.५७ ने गुणावं लागतं. स्प्रूसची सुई चौकोनी, ती काचेवर कडेवर पडली की सपाट बाजूवर यानुसार १.४ ते २ ने. वरचं सूत्र निम्म्या एकूण पृष्ठभागासाठी आहे. तुमचा ४ जर स्कॅनरचा असेल तर ३.९ शी जुळणं हा निव्वळ योगायोग, आणि उरलेली तफावत अजून शोधायची आहे.