टोल गेला, मग आता हे कशाला?

प्रश्न : ठाण्यात गोखले रोडवर माझं साड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. लंडनसारखं स्टेशन परिसरात येणाऱ्या गाड्यांना शुल्क लावावं, असा विषय आमच्या व्यापाऱ्यांच्या गप्पांत निघाला. मुलुंडचा टोल आत्ता कुठे सुटला, त्यात हे नवं. गिऱ्हाईक सरळ मॉलमध्ये जाईल. तुमचं मत काय?
– एक दुकानदार, नौपाडा

उत्तर : आधी टोलचं बोलू. मुलुंडच्या त्या आनंदनगर नाक्यावर आपण गाडीमागे ४५ रुपये भरायचो, ते उड्डाणपुलांचा खर्च वसूल व्हावा म्हणून. पहाटे चारला रस्ता रिकामा असला तरी ४५ आणि सकाळी नऊच्या रांगेतही ४५च. ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांना त्यातून माफी मिळाली. गर्दीशुल्काचा हेतू वेगळा असतो. ज्याला टाळता येतं त्याने ऐन गर्दीत गाडी आणू नये, एवढ्यासाठी ते असतं. लंडनमध्ये त्यासाठी नाकाही नाही, कॅमेरे नंबरप्लेट वाचतात.

सिंगापूरने हे १९७५ मध्ये सुरू केलं. तेव्हा तीन डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावायचा आणि वेशीवर उभ्या माणसाने तो नजरेने तपासायचा. सकाळी साडेसात ते साडेनऊ एवढीच वेळ होती. मग काय, साडेनऊ वाजले की गाड्यांची झुंबड! शेवटी वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. वेळ आणि दर यांवर सगळं अवलंबून असतं, ते यासाठी.

आता तुमची खरी काळजी, धंदा. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये ५ पौंड शुल्क सुरू झालं, तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दुकानदारांनीही विक्री घटल्याची ओरड केली होती. ती खोटी नव्हती. पण त्याच्या आदल्याच महिन्यात एका अपघातामुळे त्या रस्त्याखालून धावणारी सेंट्रल लाइन बंद पडली होती आणि ती पूर्ववत व्हायला एप्रिल उजाडला. किती गिऱ्हाईक शुल्काने अडवलं आणि किती बंद रेल्वेने, हे वेगळं काढणं अवघडच. दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे : सुरुवातीला ते शुल्क फक्त सोमवार ते शुक्रवार असायचं, तेही संध्याकाळी साडेसहापर्यंत. शनिवार-रविवारची खरेदी पूर्ण मोकळी होती. तुमचा धंदा कुठल्या वारांना होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुढे मात्र लंडनच्या रस्त्यांवर पुन्हा कोंडी झाली. एक कारण म्हणजे भाड्याच्या खासगी गाड्यांना सूट होती आणि ॲपमुळे त्या भराभर वाढल्या. ती सूट २०१९ मध्ये काढली. आपल्याकडेही रिक्षा, दुचाकी आणि ॲपच्या टॅक्सी यांचं काय करायचं, हे ठरवल्याशिवाय ही गोष्ट बोलूच नये.

माझं मत विचाराल, तर ठाण्यात आज शुल्क लावू नये. आधी बस. लंडनने शुल्कासोबत सुमारे ३०० जादा बस उतरवल्या. स्टॉकहोमने तर २००६ च्या चाचणीच्या काही महिने आधीच नवे मार्ग सुरू केले. चाचणीत वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली. आधी लोकांचा विरोध होता, पण अनुभव घेतल्यावर सप्टेंबरमधल्या मतदानात शहराने होकार दिला. माणसाच्या हातात दुसरा रस्ता दिल्याशिवाय त्याच्याकडून पैसे घेणं मला अन्यायाचं वाटतं.

गेल्या शनिवारी हरिनिवासहून मी स्टेशनला टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसने निघाले. बस खच्चून भरलेली. एका दुकानासमोर दुहेरी रांगेत, इंडिकेटर चालू ठेवून एक गाडी उभी होती, आत एकटा चालक, नजर मोबाइलमध्ये. कंडक्टर दारातून वाकून पत्र्यावर थापा मारत होता. माझ्या शेजारच्या बाईंच्या खांद्यावर लेकरू झोपलेलं. दहा मिनिटं वाट पाहून त्या उतरल्या आणि लेकरू तसंच घेऊन चालू लागल्या. बस सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेर बससाठी बांधलेल्या उंच पुलावर चढली, तेव्हा त्या मला खाली रिक्षांच्या गर्दीतून वाट काढताना दिसल्या. आमच्या बसमधली साठेक माणसं त्या एका गाडीसाठी थांबली होती, आणि त्यांची लोकल सुटली तर त्याची भरपाई कोणी मागतही नाही. रस्त्याची किंमत आजही कोणीतरी मोजतंच आहे.

म्हणून शुल्काच्या आधी दोन गोष्टी मागू या : गोखले रोडवर दुहेरी पार्किंग अजिबात नको, आणि तुमचा माल उतरवणाऱ्या टेम्पोला सकाळची ठरावीक वेळ.

आणि एक काम तुमच्यासाठी. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक बिलाच्या मागे एक अक्षर लिहा : चालत आलं तर ‘च’, बस ‘ब’, रिक्षा ‘र’, दुचाकी ‘द’, चारचाकी ‘ग’. शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनाही सांगा. आकडे मला कळवा, मी ते याच सदरात छापेन.