कापसाच्या जिनिंग मिलचं, डॉस फॉक्सप्रो या जुन्या भाषेत लिहिलेलं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, नव्यानं लिहून घ्यावं का?

हो भाऊ, लिहून घ्याच, पण हंगाम सुरू असताना नको. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आन् त्यात जुने १६ बिटचे डॉस प्रोग्राम चालवायची सोयच नाही, म्हणून ते उघडत नाही. तोवर डॉसबॉक्स नाहीतर व्हीडॉस या जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहा, कापसाची खरेदी तर थांबत नाही ना.

मी यवतमाळकडे हेच काम करतो. बहुतेक लोक आधी स्क्रीन कशी दिसन ते विचारतात, अन् खरा जीव असते तो पीआरजी फाइलमधल्या, म्हणजे फॉक्सप्रोचा कोड असते त्या फाइलमधल्या नियमात, म्हणजे ओलाव्याची कपात किती टक्क्यावरून लागते, हमाली कोणाकडे धरायची, खंडी ३५६ किलोची धरून रुईचा भाव कसा काढायचा, हे सगळं तुमच्या मुनीमजीच्या डोक्यात आन् त्या कोडमध्येच आहे, दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नाही. मुनीमजी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून एकेक नियम कागदावर उतरवा. सोर्स कोड, म्हणजे त्या पीआरजी फाइली, नसन तर हे अजूनच जरुरी आहे.

पैशाचं लय जपा. फॉक्सप्रोचं राउंड २.५ चे ३ करते, सी शार्प या नव्या प्रोग्रामिंग भाषेचं मॅथ राउंड काही सांगितलं नाही तर २ करते, म्हणून राउंडिंग कसं करायचं ते कोडमध्ये स्पष्ट लिहायला लावा आन् रकमा डबल या अंदाजे आकडा ठेवणाऱ्या प्रकारात नाही, पैसे नेमके ठेवणाऱ्या डेसिमलमध्येच ठेवा. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या हिशोबाच्या पावतीत, एक रुपया जरी इकडचा तिकडं झाला तरी त्याचा भरवसा जाते, आन् त्याचं बरोबरच आहे.

डीबीएफमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलमध्ये, डिलीट केलेली नोंद पॅक ही कमांड देऊन कायमची काढेपर्यंत फाइलमध्येच राहते, फक्त तिच्यावर खूण असते. डेटा काढणाऱ्यानं ती खूण पाहिली नाही तर रद्द केलेल्या पट्ट्या नव्या सिस्टिममध्ये जिवंत होऊन येतात. नावं जुन्या मराठी फॉन्टात असतील तर युनिकोडमध्ये आणल्यावर वऱ्हाडे, कुऱ्हाडे अशी आडनावं हातानं तपासा, कन्व्हर्टर तिथंच अडकते.

नवीन सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये आन् डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये करा, पण डेटाबेस मिलमधल्याच कॉम्प्युटरवर ठेवा, नुसत्या क्लाउडवर नको, वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची लाइन लागली असताना नेट गेलं तर काय करसान? आन् पुढच्या हंगामात दोन्ही सोबत चालवून रोज संध्याकाळी पट्ट्या जुळवा, दिवाळीच्या गर्दीतही आकडे जुळले की मगच जुनं बंद करा.