जीआयएसमध्ये विहीर, बांध, धरण यांचा 'डेटा' कसा होतो?

प्रश्न असा आहे: खरी विहीर, शेत किंवा तलाव जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-माहिती प्रणालीत, घालताना संगणक नक्की काय साठवतो, चित्र की आकडे?

आकडेच. पण कोणते आकडे ठेवायचे हे आपण ठरवतो, आणि सगळी भानगड तिथंच होते. मी जालना-बीड भागात पाणलोटाच्या कामांसाठी नकाशे करतो, त्यामुळे उदाहरणं इकडचीच देतो.

विहीर म्हणजे बहुतेक वेळा पॉइंट. अक्षांश आणि रेखांश, बस, दोन आकडे. त्याला चिकटलेली तक्त्यातली एक ओळ: गट नंबर, खोली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं. (विहिरीची खोली जुनी माणसं 'परस' या मापात सांगतात. त्याचे फूट करून घ्या, नाहीतर त्या कॉलमची बेरीज-सरासरी काही निघायची नाही.) अंबड तालुक्यातल्या एका गावात आम्ही अशा विहिरी मोबाईलवर नोंदवल्या आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावला. एक आजोबा बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "मपली हीर त्याच्या रानात कशी गेली बरं?" मोबाईलचं जीपीएस मोकळ्या रानातही चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, आणि त्यांची विहीर ऐन बांधालगत. शेजाऱ्याशी आधीच बोलणं बंद, त्यात माझा ठिपका पलीकडं. बरं, विहिरीचा घेरच एवढा मोठा की मी कुठल्या काठावर उभा होतो त्यावरही ठिपका हलतो. पॉइंटला लांबी-रुंदी नसते. तो फक्त 'इथंच कुठंतरी आहे' एवढं सांगतो. पाणी किती मावतं हे काढायचं तर व्यासाचा कॉलम वेगळा ठेवावा लागतो.

ओढा, पांदण रस्ता हे लाइन, म्हणजे ओळीनं जोडलेले बिंदू. शेताचा गट म्हणजे पॉलिगॉन: रेघ फिरून परत पहिल्या बिंदूवर येते. आता बांध कुठं गेला? प्रत्यक्षात तो दोन-तीन फूट रुंद, वर एखादं लिंबाचं झाड. डेटात त्याला रुंदीच नाही, दोन पॉलिगॉन जिथं भिडतात ती कड म्हणजे बांध. शेजारचे गट वेगवेगळे काढले की मधे फट राहते किंवा एकावर एक चढतात. झूम केलं की कोणाचीच नसलेली बारीक पट्टी दिसते. गावात अशी पट्टी असती तर कधीच कोर्टात गेली असती! म्हणून सामाईक कड एकदाच काढायची आणि दोन्ही गटांना तीच वापरायची.

दुसरी पद्धत रास्टर. इथं वस्तूला आकार देत नाहीत. जमिनीवर चौकटींची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा ठेवायचा. सेंटिनेल-२ उपग्रह प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत (बँडमध्ये) चित्रं घेतो, त्यातल्या सगळ्यात बारीक पट्ट्यांची चौकट १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१. एक चौकट जवळजवळ एक गुंठा! बांध त्यात विरघळून जातो, विहीर दिसली तर नशीब.

पण पैठणच्या नाथसागरासाठी, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयासाठी, हेच बरं. छापील नकाशात तो एक ठाम निळा आकार असतो. तो कोणत्या दिवसाचा? जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, पण पाणी मागं सरलं की त्याच निळ्यात लोक गाळपेर करतात. रास्टरमध्ये तारीखवार बघता येतं: पाणी जवळचा अवरक्त प्रकाश शोषून घेतं म्हणून तिथं काळं दिसतं, आणि काळ्या चौकटी मोजल्या की त्या दिवसाचं पाणी किती पसरलंय ते कळतं. ऐन पावसाळ्यात ढग आडवे येतात, त्याला इलाज नाही. त्या चौकटींवरून पॉलिगॉनही करता येतो, फक्त तक्त्यात तारीख घाला.

क्षेत्रफळ अंशांत मोजू नका. आधी मीटरच्या प्रक्षेपणात न्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करून मीटरमध्ये मांडणाऱ्या पद्धतीत. यूटीएम ही तशीच एक पद्धत, ती पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडते. मराठवाड्याला तिचा ४३ उत्तर हा झोन चालतो, पण तो ७८ अंश पूर्व रेखांशाला संपतो आणि किनवट गाव त्याच्या पलीकडं, ४४ मध्ये पडतं.

स्वतः करून बघायचं तर क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे. एकच सांगतो: शेपफाईल (हा डेटा साठवायचा जुना फाईल-प्रकार) वापरणार असाल तर कॉलमची नावं रोमन अक्षरांत ठेवा. तिथं नावाला १० बाइटच मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची संगणकी पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. मी 'विहिरीची खोली' लिहिलं होतं, फाईलमध्ये उरलं 'विह'. त्यापेक्षा जिओपॅकेज हा फाईल-प्रकार घ्या, त्यात ही अडचण नाही.