गाडी थांबवायला सांगायचा संकोच

“ताई, प्रवासात मी पाणी कमीच पिणार आहे. म्हणजे सारखं बाथरूमला जावं लागणार नाही.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे सांगून टाकलं. तेविसावा आठवडा चालू होता. दोन आठवड्यांनी घरच्या सहा जणांबरोबर तिला समुद्राकाठच्या एका उष्ण, दमट गावी जायचं होतं. साडेचार तास विमान, पुढे तीन तास गाडी आणि मग सहा दिवस मुक्काम. दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच तिकिटं काढलेली होती. डॉक्टरांनी तपासून ‘जायला हरकत नाही’ असं सांगितलं होतं, तरी तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती. मोबाइलमध्ये प्रश्नांची यादीच करून आणली होती. विमानात बाळाला ऑक्सिजन कमी पडेल का, उकाड्याने बाळ तापेल का, तपासणीच्या यंत्रातून गेलं तर चालेल का, समुद्रात उतरू का. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, ‘मी हट्टाने तर जात नाहीये ना?’

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला तिची परवानगी आहे.)

गरोदरपणातला प्रवास, त्यातून गरम हवेच्या ठिकाणचा, हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. पूर्वी मी अशा वेळी सूचनांचा छापील कागद हातात द्यायचे. सैल सुती कपडे, टोपी, भरपूर पाणी, दुपारी आराम. एकदा एकजण परत आल्यावर म्हणाली, “सगळं माहीत होतं हो, पण करता आलं नाही.” ते वाक्य मी विसरलेले नाही. तेव्हापासून कागद शेवटी देते. आधी विचारते, बरोबर कोण कोण आहे आणि त्यांच्यापुढे ‘मला आता जरा बसायचंय’ असं म्हणता येतं का?

हिला येत नव्हतं. “सासूबाई काही बोलत नाहीत, पण माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल ना,” ती म्हणाली. थोडा वेळ गप्प बसली आणि मग मूळ गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात तिचा गर्भपात झाला होता. त्याच्या आठ दिवस आधी ती एका लांबच्या प्रवासाला जाऊन आली होती. कोणीतरी सहज बोलून गेलं होतं, ‘नसतीस गेली तर...’

इथे मी यादी बाजूला ठेवली. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो गर्भ धरतानाच ठरलेला असतो, त्याचा गाडीच्या धक्क्यांशी किंवा विमानाशी संबंध नसतो. तिच्या बाबतीत नेमकं काय झालं हे मी सांगू शकत नव्हते आणि तसं मी तिला म्हटलंही. पण प्रवास केला म्हणून बाळ गेलं, हा आरोप दोन वर्षं एकटीने वाहण्यासारखा नव्हता. ती बराच वेळ रडली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. हे ओझं मनात असताना सनस्क्रीन कोणतं लावायचं हे सांगून काय उपयोग होणार होता?

मग पाण्याकडे वळलो. पाणी कमी प्यायल्याने फेऱ्या टळतील हा हिशेब मी खूप जणींकडून ऐकते, आणि तो फसवा आहे. या दिवसांत मूत्रपिंडांचं काम वाढलेलं असतं, पुढे पुढे गर्भाशयाचा मूत्राशयावर दाबही पडतो. त्यामुळे लघवीला जावं लागणारच. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, जळजळ होते, संसर्गाला वाव मिळतो. अंगातलं पाणी कमी झालं तर पोट अधूनमधून कडकही होतं, आणि परक्या गावी ते जाणवलं की जिवाचं पाणी होतं ते वेगळंच. मी तिला तांब्या-पेले मोजायला लावले नाहीत. लघवीचा रंग बघायला सांगितलं. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद झाला तर पाणी कमी पडतंय. तहान लागायची वाट न बघता घोटघोट पीत राहायचं. खूप घाम आला किंवा जुलाब झाले तर ओआरएस.

उकाड्याचा त्रास गरोदर बाईला जास्त का होतो, हे कळलं की बाकीच्या सूचना आपोआप पटतात. या काळात शरीरातलं रक्त साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, शरीराची उष्णताही जास्त तयार होते आणि रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. उन्हात नुसतं उभं राहिलं तरी रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटातल्या बाळाचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस जास्त असतं. त्याला स्वतःला घाम येत नाही. त्याची बरीचशी उष्णता वारेतून (प्लासेंटातून) आईच्या रक्तात येते आणि आईच्या कातडीतून बाहेर पडते. म्हणजे ती सावलीत बसते, ओला रुमाल मानेवर ठेवते, तेव्हा ती बाळालाच गार करत असते. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा जरा सैल बसली. “मग मी आराम केला तर तो माझ्यासाठी नसतोच,” ती म्हणाली. तो तिच्यासाठीही असायला हवा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशी तिला हा आधार पुरत होता, म्हणून थांबले.

एक गैरसमज मात्र तिथेच दूर केला. बाहेर 39 अंश असले म्हणून अंगात 39 अंश होत नाहीत. डॉक्टर जपायला सांगतात ते शरीराच्या आतलं तापमान 39 अंशांच्या वर जाण्याला, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, बाळाचा मेंदू आणि मणका घडत असताना. ताप अंगावर काढायचा नाही तो यासाठीच. गरम पाण्याचा टब आणि वाफेची खोली मी पूर्ण गरोदरपणात टाळायला सांगते. समुद्रात किंवा तलावात सावकाश पोहायला तिला डॉक्टरांची हरकत नव्हती. स्कूबा डायव्हिंग मात्र अजिबात नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून अशा गावी पारा कमी दिसला तरी जीव कासावीस होतो. तिथे मोबाइलवरच्या तापमानावर विसंबू नका, अंग काय सांगतंय ते ऐका.

यादीतले बाकीचे प्रश्न लवकर संपले. विमानात हवेचा दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तसा ठेवतात. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे गरोदरपण सुरळीत असेल आणि आईला तीव्र रक्तक्षय किंवा हृदय-फुप्फुसांचा आजार नसेल तर चिंता नसते. धातू शोधणाऱ्या दारात क्ष-किरण नसतात, त्यातून खुशाल जावं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती परतीची तारीख. किती आठवड्यांची असताना निघता यापेक्षा किती आठवडे भरल्यावर परतता ते मोजा. 28 आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. एकच बाळ असेल तर साधारण 36 आणि जुळी असतील तर 32 आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या नेत नाहीत. नियम कंपनीगणिक बदलतात, तिकिटाआधी विचारलेलं बरं. प्रवासविमा काढताना गरोदरपणाचा खर्च कितव्या आठवड्यापर्यंत धरला आहे आणि बाळ अवेळी जन्मलं तर त्याच्यावरचा खर्च मिळतो का, हे लेखी बघावं. हिच्या विम्यात बाळाचा समावेश नव्हता. तिने तो बदलून घेतला.

जायचं तिथे झिका, मलेरिया किंवा डेंगी आहे का, हेही विचारायला हवं. झिकामुळे बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. फेब्रुवारी 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून आणीबाणी जाहीर केली होती. जिथे साथ आहे तिथे गरोदरपणी जाऊच नये, आणि नवरा अशा ठिकाणाहून आला असेल तर संबंधांतूनही तो पसरतो हे दोघांना माहीत हवं. हिच्या गावी झिका नव्हता, डास मात्र होते. डीट हे डास दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम या दिवसांत वापरता येतं. आधी सनस्क्रीन, त्यावर ते. तिला चेहऱ्यावर येऊ लागलेल्या काळसर वांगाचीही काळजी होती आणि ती विचारताना ती ओशाळली. ओशाळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ऊन लागलं की वांग गडद होतो. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं आणि रुंद काठाची टोपी घालायची.

दुसऱ्या भेटीला मी नवऱ्याला बोलावलं. एका कोऱ्या कागदावर दिवसाचं घड्याळ काढलं आणि सकाळी 11 ते दुपारी 4 हा भाग पेन्सिलने भरून टाकला. हा वेळ सावलीत, डाव्या कुशीवर, पंख्याखाली.

“म्हणजे आम्ही सगळ्यांनी खोलीत बसायचं?” त्याने विचारलं. आवाजात कुरकुर नव्हती, तो खरोखर विचारत होता.

“तुम्ही जा. फोन चालू ठेवा. फक्त तिला रोज ‘येतेस का’ असं विचारू नका. ती नाही म्हणू शकत नाही.”

त्याने बायकोकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत होती.

मग मी तिला ‘गाडी थांबवा’ हे वाक्य म्हणायला सांगितलं. पहिल्यांदा आलं ते असं, “तुम्हाला जमत असेल तर... म्हणजे घाई असेल तर राहू दे.” दुसऱ्यांदा ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ दोन्ही आले. तिसऱ्यांदा दोनच शब्द आले, पण मान खाली होती. दोन आठवड्यांत माणसाचा स्वभाव बदलत नाही. म्हणून आम्ही असं ठरवलं की गाडी दर दीड तासाने नवऱ्यानेच थांबवायची, तिला न विचारता. तिने उतरून पाच मिनिटं चालायचं. विमानात तिची जागा मधल्या वाटेला लागून. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसलं तर पोटरीत गाठ होण्याचा धोका वाढतो. बसल्या जागी घोटे फिरवायचे, पायाचे पंजे वरखाली करायचे, आणि डॉक्टरांनी दिलेले दाबाचे मोजे निघायच्या आधीच चढवायचे. गाडीचा पट्टा तिला लावून दाखवला. खालचा भाग पोटाच्या खाली मांड्यांच्या वर, वरचा दोन स्तनांमधून पोटाच्या बाजूने. पोटावरून पट्टा कधीही न्यायचा नाही. आणि गोळ्या, तपासण्यांची फाइल, रक्तगट हे सगळं हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

नवऱ्याच्या फोनमध्ये मी एक मजकूर लिहून दिला. रक्त किंवा पाणी जाणं, पोट ठरावीक अंतराने आवळणं, थांबत नाही असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, दम लागणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं. यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. उन्हाने चक्कर आली तर सावलीत कुशीवर निजवायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करून वारा घालायचा. ती असंबद्ध बोलू लागली तर थेट रुग्णवाहिका. मुक्कामाजवळचं प्रसूती विभाग असलेलं रुग्णालय त्यांनी निघायच्या आधी शोधून ठेवलं. प्रत्येकीला ‘जा’ असं मी म्हणत नाही. वाढलेला रक्तदाब, रक्तस्राव, खाली असलेली वार, आधी अवेळी झालेली प्रसूती असं काही असेल तर मी विषय थांबवते आणि डॉक्टरांकडे परत पाठवते.

ती परत आली तेव्हा सव्वीसावा आठवडा लागला होता. चौथ्या दिवशी घोट्यांवर सूज आली म्हणून तिथल्या डॉक्टरांना दाखवलं होतं. रक्तदाब ठीक निघाला, पाय उंचावर ठेवल्यावर सूज उतरली. दुपारी ती खरंच खोलीत राहिली होती.

“आणि गाडीत?” मी विचारलं.

परतीच्या दिवशी गाडी निघाली आणि गप्पांच्या नादात नवरा वेळ विसरला. दीड तास उलटून गेला. ती पाण्याची बाटली मांडीवर धरून बसली होती, झाकण उघडत नव्हती. दहाएक मिनिटं अशीच गेली. मग ती म्हणाली, “गाडी थांबवा.”

गाडीत क्षणभर कोणीच बोललं नाही. मग मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “बरं बाई, तू बोललीस. मी सकाळपासून पाणीच प्यायले नाहीये.”