एक निबंध खोटा निघाला, म्हणून अमायलॉइड खोटं ठरत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडील ७१ वर्षांचे, गेले काही महिने विसरायला लागलेत, डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात आहे असं सांगितलंय. अमेरिकेतला भाऊ नव्या इंजेक्शनांसाठी त्यांना तिकडे घेऊन जायचं म्हणतोय. त्यातच कुणीतरी पाठवलेल्या लेखात तुम्ही वाचलंत की अमायलॉइडवरचं, म्हणजे ही इंजेक्शनं मेंदूतल्या ज्या प्रथिनावर काम करतात त्यावरचं, सगळं संशोधनच बनावट होतं. मग इंजेक्शनांच्या मागे लागायचं की नाही? आणि हे पुढे आपल्यालाही होईल का?

मी निवृत्त होईपर्यंत मेंदूचे काप तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं, म्हणून आधी डोळ्यांना दिसतं ते सांगते. चांदीच्या क्षारांनी रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अल्झायमरच्या मेंदूत दोन गोष्टी दिसतात. पेशींच्या मधल्या जागेत खडबडीत कडांचे काळसर डाग, काहींच्या मध्यभागी घट्ट गाभा. हे अमायलॉइड. दुसरं पेशींच्या आत: काळ्या तंतूंचा पिळलेला गुंता. ते टाऊ नावाचं प्रथिन. पेशी मरून विरून जाते, पण तिच्या आकाराचा तो गुंता तसाच मागे राहतो. १९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी ऑगुस्ट डेटर या बाईच्या मेंदूत हेच दोन्ही पाहिलं होतं. ती गेली तेव्हा जेमतेम ५५ वर्षांची होती. डाग आणि गुंते खरे आहेत, त्यावर वाद नाही. वाद आहे तो कोण आधी आणि कोण कारण, यावर.

आता त्या बनावट प्रकरणाबद्दल. २००६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाचा शोधनिबंध आला होता. अमायलॉइडचा एक विशिष्ट विरघळणारा प्रकार उंदरांची स्मृती बिघडवतो, असा त्यात दावा होता. त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचा संशय व्हँडरबिल्ट विद्यापीठातले मॅथ्यू श्रॅग यांनी पुराव्यानिशी मांडला, २०२२ मध्ये 'सायन्स'ने तो छापला आणि जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. सोळा-सतरा वर्षं लोक त्याचा आधार देत होते, किती जणांनी ते प्रयोग पुन्हा करून बघण्यात उमेदीची वर्षं घालवली असतील. मला याचा आजही संताप येतो. पण तो दावा अमायलॉइडच्या एका प्रकारापुरता होता. आज बाजारात असलेली औषधं त्या निबंधातून निघालेली नाहीत, आणि मूळ कल्पना तर त्याच्या किती तरी आधीची, उंदरांवर नव्हे तर माणसांच्या घराण्यांवर उभी आहे.

तो पुरावा मला सगळ्यात भक्कम वाटतो. अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून कापलं जातं त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. १९९१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एका इंग्रज घराण्यात याच जनुकातला दोष दाखवला. त्या घरात माणसं पन्नाशीतच विसरायला लागत. डाउन सिंड्रोम या जन्मजात स्थितीत या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि त्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत हेच डाग भरतात. उलट बाजूने, २०१२ मध्ये आइसलँडमध्ये याच जनुकातला असा एक बदल सापडला की ज्याने अमायलॉइड कमी तयार होतं, आणि ज्यांच्यात तो आहे त्यांना म्हातारपणी अल्झायमर क्वचितच होतो. दोष आला की रोग लवकर, उत्पादन घटलं की रोग दूर. एका खोट्या चित्राने हे पुसलं जात नाही.

सर्वांत मोठं घराणं कोलंबियातलं. आंतिओकिया प्रांतातल्या डोंगराळ गावांत फ्रान्सिस्को लोपेरा नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी चाळीसेक वर्षं घरोघर फिरून वंशावळी लिहून काढल्या. तिथे चौदाव्या गुणसूत्रावरच्या, अमायलॉइड कापून काढण्यात भाग घेणाऱ्या प्रेसेनिलिन-१ जनुकातला एक दोष पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. ज्याच्याकडे तो आला त्याला साधारण चव्वेचाळिशीत विस्मरण सुरू होतं आणि पन्नाशीच्या आत पूर्ण स्मृतिभ्रंश. याच कुटुंबातल्या अलिरिया पिएद्राइता या बाईंकडे तोच दोष होता, पण सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांचं डोकं शाबूत राहिलं. बॉस्टनला नेऊन स्कॅन केले तर मेंदू अमायलॉइडने गच्च भरलेला, घराण्यातल्या इतरांपेक्षाही जास्त. टाऊ मात्र फार थोडं. जनुकं तपासली तेव्हा अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या एपीओई जनुकाचा 'क्राइस्टचर्च' नावाचा दुर्मिळ प्रकार सापडला, तोही आई आणि बाप दोघांकडून आलेला. २०१९ मध्ये हे 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आलं.

या एका बाईने आम्हाला जे शिकवलं ते शेकडो उंदरांनी शिकवलं नव्हतं. अमायलॉइड साचणं आणि माणसाचं डोकं जाणं यांच्यामध्ये एक टप्पा आहे, आणि तो अडवता येतो. जर्मनीच्या हायको आणि एफा ब्राक यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की टाऊचे गुंते मेंदूत एका ठरलेल्या वाटेने पसरतात, आणि लक्षणं त्या वाटेशी जुळतात. डागांच्या संख्येशी लक्षणं तशी जुळत नाहीत. आमच्याकडेही असे मेंदू यायचे की काप डागांनी भरलेला, आणि कागदावर लिहिलेलं असायचं की व्यक्ती अखेरपर्यंत स्वतःचा हिशेब स्वतः ठेवत होती. अमायलॉइड ही काडी आणि टाऊ ही पेटलेली गवताची गंजी, असं मी समजावते: गंजीने एकदा पेट घेतला की काडी विझवून फार हाती लागत नाही.

इंजेक्शनांचे आकडे या नजरेने वाचा, म्हणजे ते कोड्यात टाकत नाहीत. लेकानेमॅब या नव्या इंजेक्शनाचा जन्मही एका घराण्यातूनच झाला. उत्तर स्वीडनमधल्या कुटुंबात लार्स लानफेल्ट यांना सापडलेल्या जनुकदोषावरून त्याची दिशा ठरली. २०२२ मध्ये निकाल लागलेल्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते, सगळे अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले. १८ महिन्यांनी मेंदूतलं अमायलॉइड खूप उतरलं. पण स्मृती आणि रोजचे व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषधाच्या गटाची घसरण १.२१ आणि नुसतं सलाईन मिळालेल्यांची १.६६. फरक ०.४५. म्हणजे औषध घेणारेही घसरलेच, जरा सावकाश. बातम्यांतला '२७ टक्के' हा आकडा इथूनच येतो. सुधारणा म्हणून कुणी तुम्हाला हे विकत असेल तर ऐकू नका. पण 'काहीच नाही' हेही खरं नाही. या रोगाच्या मुळाशी हात घालून घसरण हळू झाली, हे त्याआधीच्या औषधांना कधी स्पष्टपणे जमलं नव्हतं. कोलंबियाच्या त्याच घराण्यातल्या २५२ माणसांच्या चाचणीत क्रेनेझुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन वर्षानुवर्षं तपासलं गेलं, आणि २०२२ मध्ये त्याचा ठोस उपयोग दिसला नाही. ती माणसं तरीही पुढच्या चाचण्यांना उभी राहतायत, हे मला विसरता येत नाही.

धोकाही सांगायलाच हवा. लेकानेमॅब घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्क्यांच्या मेंदूला सूज आली आणि १७.३ टक्क्यांत बारीक रक्तस्राव दिसले. बहुतेकांना ते जाणवलंही नाही, स्कॅनमध्येच कळलं, पण काहींना गंभीर त्रास झाला. एपीओई जनुकाचा '४' हा प्रकार आई-बाप दोन्हीकडून आला असेल तर सुजेचं प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांशावर जातं. म्हणून सुरू करण्याआधी तीन गोष्टी हव्यातच: अमायलॉइड आहे याची मेंदूच्या पेट (PET) स्कॅनने किंवा पाठीतलं पाणी तपासून खात्री, एपीओई तपासणी, आणि जुने रक्तस्राव नाहीत हे दाखवणारा एमआरआय. वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

आता माझं मत विचाराल तर वडिलांना अमेरिकेला नेऊ नका. दर पंधरा दिवसांनी सलाईन, सुरुवातीला वारंवार एमआरआय, दीड वर्षाचा मुक्काम, आणि व्हिजिटर इन्शुरन्स जुनं दुखणं बहुधा धरत नाही. पैसे असले तरी, ज्याला स्वतःच्या गल्लीतला रस्ता आताशा चुकायला लागलाय त्याला अनोळखी घरात आणि उलट्या दिवस-रात्रीत नेलं तर गोंधळ वाढतो. १८ पैकी अर्धा गुण वाचवण्यासाठी ही किंमत मला फार वाटते. माणूस पंचावन्न वर्षांचा असता आणि तिकडेच राहत असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

त्याऐवजी न्यूरोलॉजिस्टकडे पुन्हा जा आणि विचारा: बी-१२ आणि थायरॉइड पाहिलंय का, पडल्यामुळे डोक्यात रक्त साकळलेलं नाही ना, नैराश्य नाही ना. ॲलर्जीच्या, झोपेच्या किंवा लघवीच्या काही गोळ्यांनीही डोकं गढूळ होतं, तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. कान तपासून घ्या. ज्याला प्रश्नच नीट ऐकू येत नाही तो स्मृतीच्या चाचणीत नापास होतोच, शिवाय 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या १४ कारणांत बहिरेपणाला वरचं स्थान दिलंय. डोनेपेझिल ही स्मृतीसाठीची गोळी सुरू असेल तर ती आपण होऊन बंद करू नका.

तुमच्या स्वतःबद्दल: मी वर सांगितलेल्या घराण्यांसारखा थेट वारसा एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी असतो आणि तो पन्नाशीच्या आगेमागे दिसतो. वडिलांचं सत्तरीत सुरू झालंय, तेव्हा ते तसं नाही असंच बहुधा धरता येईल. धोका थोडा वाढतो, पण ठरलेला नसतो. भीतीपोटी एपीओई तपासून घेऊ नका, त्यातून तुम्हाला करण्यासारखं काही हाती लागणार नाही. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने ६४८ रुग्णांवर केलेल्या, २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, शाळेत न गेलेल्यांतसुद्धा. तुम्ही रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजून घ्या. वडिलांचे रिपोर्ट, नाव झाकून, इथे टाकलेत तर त्यातलं कुठलं वाचून काय विचारायचं ते मी सांगेन.