आयडिया ग्रुपवर टाकू की नको?

प्रश्न: ताई, मी कलिन्याला पीएचडी करतेय. ठाणे खाडीतल्या खारफुटीच्या चिखलातून मायक्रोप्लास्टिक वेगळं काढायची एक नवी पद्धत सुचलीय, अजून कुठेच छापली नाहीये. टेलिग्रामवर रिसर्चवाल्यांचा मोठा ग्रुप आहे, तिथे विचारलं तर मदत मिळेल पण कोणी ढापली तर? गाइड म्हणतात तोंड उघडू नकोस.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अगं भीती खरी आहे, कारण कॉपीराइट लिखाणाला मिळतो, नुसत्या कल्पनेला नाही. कोणी तुझी आयडिया उचलून स्वतःच्या शब्दांत लिहिली तर तुझ्या हातात उरतो फक्त तू आधी म्हणाली होतीस याचा पुरावा, आणि ग्रुपवर नेमका तोच टिकत नाही, मेसेज डिलीट होतात, अ‍ॅडमिन ग्रुपच बंद करतो.

म्हणून ग्रुपवर अडलेलं तेवढंच विचार. म्हणजे बघ, 'मिठाच्या पाण्यात पीव्हीसीसारखं जड प्लास्टिक तळाला बसतं, झिंक क्लोराइडच्या जड द्रावणात ते तरंगतं पण ते महाग पडतं, तुम्ही काय वापरता?' एवढ्यावरही लोक भरभरून सांगतात आणि तुझी पद्धत तुझ्याकडेच राहते.

पूर्ण आयडियाच मांडायची असेल तर मग लपूनछपून नको, चार पानं नीट लिहून झेनोडोवर टाक, ही संशोधन जाहीर करून साठवायची वेबसाइट, सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची संस्था चालवते, फुकट आहे, तारीख आणि डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो, मग ती लिंक खुशाल ग्रुपवर दे. फिजिक्सवाले 1991 पासून अर्काइव्ह नावाच्या अशाच वेबसाइटवर असंच करतायत. 2009 मध्ये टिमथी गॉवर्स या गणितज्ञांनी तर एका प्रमेयाची नवी सिद्धता आपल्या ब्लॉगवर सगळ्यांदेखत शोधायला घेतली, कोणीही यावं आणि सुचेल ते लिहावं, आणि काही आठवड्यांत ती सापडली पण! पेपर पॉलिमॅथ या सामायिक नावाने निघाला. कोणाला काय सुचलं ते तारखेसकट सगळ्यांसमोर होतं ना.

फक्त पद्धत पेटंट घेण्यासारखी असेल तर एक अक्षर बोलू नकोस, झेनोडोवरही नाही. आधीच जाहीर झालेलं आपल्या कायद्यात नवं धरत नाहीत आणि सवलती अगदीच तोकड्या आहेत. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज भरायचा, मग पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे, अर्ज ऑनलाइनही होतो.

आणि गाइडना डावलून काही करू नकोस गं, सॅम्पल लॅबचे, फंडही लॅबचा. ती चार पानं आधी त्यांना वाचायला दे, आणि यातलं किती बाहेर गेलेलं चालेल ते सरळ विचार.